लॅपटॉपच्या बुडावरचं नाव

एरंडोल,
पोळ्याचा आदला दिवस

कौतिकभाऊ,

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहिते आहे. तब्येत विचारत नाही, ती कुंदनकडून कळते. तिकडे सुरतेजवळ उधन्याला मुलाकडे सुखाने राहा. पाऊस किती झाला, सून कशी वागवते, हे दिवाळीला सांगा. माझं काम एकच आहे. लॅपटॉपचं कार्टन माझ्या दाराशी, लॅपटॉप नरडाण्याला तुमच्या रूपाच्या सासरच्या कपाटात, दुकान धुळ्याला, आणि बिल ज्याच्या नावावर तो माणूस उधन्याला बसून वाजणाऱ्या फोनकडे बघतो. हे सगळं एक दिवस एका ठिकाणी आणायचं आहे. फार मोठी गोष्ट नाही. आयुष्यभर टेलिफोन खात्यात काढलं मी, दोन टोकं जोडून देणं हाच माझा धंदा होता. पण ही जोडणी होईना, आणि आता मला कंटाळा आला आहे.

'अक्का आपलंच म्हणते, दुसऱ्याचं ऐकत नाही', ही तुमची जुनी तक्रार. म्हणून आज पहिल्यापासून लिहिते. कुठे चुकलं तर दुरुस्त करायला तुम्ही मोकळे आहात. त्यासाठी मात्र यावं लागेल.

महावीर शेठच्या भांड्यांच्या दुकानाची पायरी ही तुमची जागा. एक पाट, मांडीवर जुनं पोतं, आणि हातात ते नाव टाकायचं मशीन. बाजारपेठेत शिरलं की आधी तुमची टर्रर्र ऐकू यायची, मग तुम्ही दिसायचे. तालुक्यातल्या किती घागरींच्या गळ्यावर, किती ताटांच्या मागे तुमचं अक्षर आहे, कोण जाणे. 'चि. सौ. कां. हिस मामाकडून सप्रेम भेट.' आत्याकडून, मित्रमंडळाकडून, दूध डेअरीच्या स्टाफकडून. कुणी कुणाला काय दिलं आणि परत काय आलं, हे तुम्हाला त्या त्या घरच्यांपेक्षा जास्त पाठ. आणि तुमचा तोंडाने न सांगण्याचा धंदा म्हणजे नाव खोडणं. लग्नात आलेला डबा वापरायचा नसतो, तो पुढच्या लग्नात द्यायचा असतो. लोक पिशवीत लपवून आणायचे. तुम्ही चाकावर घासून जुनं नाव घालवायचे, पॉलिश मारायचे, वर नवं नाव टाकायचे. डबा नवा.

मी एकदा म्हटलं, "ही फसवणूक आहे."

"कसानी फसवनूक, अक्का? डबा तोच शे. नाव बदलनं का वस्तू नवी," तुम्ही म्हणालात.

शेठ गल्ल्यावरून ओरडले, "अक्का, माझ्या कारागिराला बिघडवू नका. भांडं घ्या, नाहीतर चहा घ्या."

मी चहा घेतला. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तुमच्या त्या वाक्यात होतं, पण ते तेव्हा कुणाला कळणार.

वहिनी गेल्या तेव्हा रूपा कॉलेजात होती. कुंदन आधीच उधन्याला कापडाच्या मिलमध्ये लागला होता. घरात तुम्ही दोघं. तुम्ही पायरीवरून संध्याकाळी बोटं सुन्न होऊन यायचे, आणि रूपा तुमच्या हातावर कोमट तेल चोळताना पाठांतर करायची. बी.कॉम. झाली. मग पुण्याच्या एका कंपनीचं काम तिला मिळालं: दवाखान्यांची बिलं तपासायची, घरी बसून. मैत्रिणीच्या भावाचा लॅपटॉप मागून आणला होता, त्यावर करायची. पहिल्या पगारातून तुम्हाला चष्मा केला. तो चष्मा तुम्ही बाजारात किती जणांना दाखवलात! चष्म्यातून बघायचं सोडून चष्मा काढून दाखवत होतात.

मग नरडाण्याचं स्थळ आलं. मुलगा एमआयडीसीत कामाला, साधा, व्यसन नाही. बघायच्या दिवशी मानलेली आत्या म्हणून मी होतेच. मुलाची आई यशोदाबाई स्पष्ट बोलल्या, आणि स्पष्ट बोलणारी माणसं मला आवडतात. "नोकरीसाठी रोज बाहेर नको. घरी बसून करत असेल तर खुशाल करू दे. पण मशीन तिचं तिने आणावं. आमच्याकडे नाही."

त्या रात्री तुम्ही माझ्या ओट्यावर येऊन बसलात. म्हणालात, "अक्का, तिनी माय मनापाशी पैसा मागता मागता गयी. रूपानं कोनापुढे हात पसरावं नही." तुम्ही कमी बोलणारा माणूस, आणि वहिनी तुमच्यापाशी पैसे मागत गेल्या हे स्वतःच्या तोंडाने कबूल केलंत. ते एक वाक्य मी विसरले नाही, आणि म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. भाऊ, प्रश्न लॅपटॉपचा कधीच नव्हता. रूपाच्या हातात तिचं काम राहतं की नाही, एवढाच होता.

नवा लॅपटॉप परवडणारा नव्हता. लग्न तोंडावर. माझ्या भाच्याने सांगितलं की धुळ्याला आग्रा रोडला कंपनीचं स्वतःचं दुकान आहे, तिथे परत आलेली मशीनं दुरुस्त करून, तपासून, वॉरंटी देऊन विकतात. बाजारातल्या सेकंडहँड मालासारखं नाही, कंपनी जबाबदार. मी तुम्हाला बसमध्ये घातलं. पारोळ्यानंतर म्हणालात, "जुनं पोरले देवाव नही." मी म्हटलं, "मग उतरा." तुम्ही उतरला नाहीत.

दुकानात ती जिनल नावाची मुलगी होती, हसरी, पण कामाला पक्की. तिने मागच्या बाजूच्या टेबलावरची मशीनं दाखवली. "काका, यांना रिफर्बिश्ड म्हणतात. गिऱ्हाइकाने परत केलेलं असतं. कंपनी उघडते, खराब भाग बदलते, तपासते आणि कमी भावात विकते."

"कोनी कसाले परत करं?"

"ते आम्हाला कळत नाही काका. कुणाला ओरखडा दिसतो, कुणाचं मन बदलतं."

तुम्ही माझ्याकडे वळून हळूच म्हणालात, "सोयरीक मोडेल पोरनागत."

"मग सोयरीक मोडलेल्या पोरी काय संसार करत नाहीत?" मी मोठ्याने म्हटलं. जिनलला काही कळलं नाही, तरी ती हसली.

प्लॅस्टिकची बाजूला सारून तुम्ही एक धातूचं उचललं. उलटं केलं. मधल्या बोटाच्या पेराने बुडावर टकटक केलं, कान लावला. "जर्मन शे, अक्का. स्टील नही. पन चांगलं जर्मन." ॲल्युमिनियमला तुम्ही भांडेवाले जर्मन म्हणता; जगात कुणी लॅपटॉप असा निवडला नसेल. जिनलने बुडावरचं पांढरं लेबल दाखवलं. त्यावर मशीनचा नंबर होता आणि वर ठळक अक्षरात तो 'रिफर्बिश्ड' शब्द. "हे लेबल काढायचं नाही हं काका. काही झालं तर याच्यावरूनच वॉरंटी मिळते." तुम्ही मान हलवलीत. बिल तुमच्या नावावर झालं. वॉरंटी या दिवाळीपर्यंत.

कार्टनवरही तोच शब्द हातभर मोठा छापलेला. लग्नघरात पाहुणे येणार, म्हणून तुम्ही मला म्हणालात, "एवढं तुमना माळावर राहू द्या." मी ठेवलं. रूपाला तुम्ही सांगितलंत, नवं आहे. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, पण बाप आणि लेकीच्या मध्ये मी बोलत नाही. फार कमी बोलते.

आठवड्याने मी दुकानावर आले तर तुम्ही पोत्यावर लॅपटॉप उपडा ठेवून काम करत होतात. टर्रर्र.

"कौतिकभाऊ, हे काय?"

"नाव टाकस."

लेबल गेलं होतं. नुसतं काढलं नव्हतं, घासून, पॉलिश मारून, जागा आरशासारखी केली होती. आणि त्या जागेवर तुमचं ते सुंदर अक्षर, वेलबुट्टीसकट: चि. सौ. कां. रूपा हिस बाबांकडून.

"त्यावर नंबर होता ना! ती मुलगी काय म्हणाली होती?"

"नंबर व्हता, पन तेनावरच लिखेल व्हतं जुनं शे म्हनीसन. अक्का, रुखवतमा मांडनं शे. बाया उलटं करीसन देखतीस. लोके काय म्हनतीन?"

शेठ गल्ल्यावरून म्हणाले, "अक्का, बघा तरी, कसलं अक्षर आलंय! अशी घागरसुद्धा नाही केली त्याने कधी."

खरं सांगते, अक्षर सुरेख होतं. ज्या माणसाने जन्मभर जुनं नाव घालवून वस्तू नवी केली, त्याने एकदा स्वतःच्या मुलीसाठी केली.

आणि तुमचं चुकलं असंही म्हणता येईना. रुखवतात स्टीलच्या घागरीशेजारी, साखरेच्या गडकिल्ल्यापुढे लॅपटॉप मांडला होता. नरडाण्याच्या बाया एकेक भांडं उलटं करून वाचत पुढे सरकत होत्या. यशोदाबाईंनी लॅपटॉप उचलला, उलटा केला, चष्मा नाकावर सरकवला. तुम्ही मांडवाच्या खांबाला धरून उभे होतात, मी बघत होते. त्या वाचून म्हणाल्या, "बापनी सोता नाव टाकेल दिसस." आणि जपून खाली ठेवला, देवाचा टाक ठेवावा तसा. तुम्ही खांब सोडलात.

होळीच्या सुमाराला लॅपटॉप बंद पडला. पडदा काळा तो काळाच. तुमच्या मशीनच्या थरथरीने आत काही ढिलं झालं, की आधीचंच दुखणं उपटलं, देव जाणे. रूपाचा तुम्हाला फोन आला. तुम्ही म्हणालात, "देखूत." मी दुकानात फोन लावला. जिनलने ओळखलं. "जर्मनवाले काका ना? लेबल नसेल तर अवघड आहे मावशी. पण नंबर कार्टनवर पण असतो. कार्टन, मशीन आणि ज्यांच्या नावावर बिल आहे ते, असे सगळे या. मी साहेबांना विचारते. वॉरंटी आहे तोवर या मात्र."

सोपं होतं. मी लगेच तुमच्या पायरीशी आले. तुमच्यापुढे भांड्यांचा ढीग.

"लगीनसराई शे, अक्का. एवढं आवरू द्या."

"रूपाचं काम थांबलंय."

"आखाजीले येई ती मशीन लिसन, मंग जासूत."

"पुण्याची कंपनी आखाजीपर्यंत थांबणार आहे का? अक्षय्य तृतीयेची आपली आखाजी कशाशी खातात हे तरी त्यांना माहीत आहे?"

शेठ हसले. तुम्ही मान वर केली नाहीत. टर्रर्र. तुम्हाला बोलायचं नसलं की तुमचं मशीन बोलतं, हे मला जुनं ठाऊक आहे.

रूपाने हातपाय हलवले. स्टेशनजवळच्या नेट कॅफेत जाऊन संध्याकाळी बिलं तपासायला लागली. चार दिवस गेले, मग यशोदाबाई म्हणाल्या, घरी बसून करायचं ठरलं होतं. त्या शब्दाला पक्क्या, त्यांचं काय चुकलं? कंपनीने आधी काम कमी केलं, मग बंद केलं.

आखाजीला रूपा आली. गल्लीत झोके बांधले होते, पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या. ती मात्र माझ्याकडे खापरावरची पुरणपोळी घेऊन आली आणि स्वयंपाकघरात बसून राहिली. मशीन आणलं नव्हतं. मी विचारलं, का गं? ती माळ्याकडे बघत होती. बसल्या जागेवरून कार्टनवरचा तो शब्द सरळ वाचता येत होता.

भाऊ, आता लिहिते ते न सांगण्याचा शब्द मी रूपाला दिला होता. तो आज मोडते. शब्द पाळून कुणाचं भलं होताना मला दिसलं नाही.

ती म्हणाली, "आत्या, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"वापरलेलं आहे ते. खालचं लांब बटण मध्येच चकचकीत झालंय, कुणाचा तरी अंगठा पडून पडून. कुणीतरी खूप लिहायचं त्याच्यावर. मला काही वाटलं नाही हो. मी आधी मागून आणलेल्यावर करत होते, त्यापेक्षा चांगलंच होतं."

"मग बापाला बोलली का नाहीस?"

"काय बोलू? त्यांनी एवढं नाव टाकलं."

"आणि धुळ्याला?"

"बाबांना यावं लागणार ना. त्या मुलीपुढे ते उलटं करून दाखवणार, लेबल का काढलं म्हणून ती विचारणार, आणि मी शेजारी उभी. बाबा तिथे काय सांगतील? त्यांना वाटतंय मला माहीत नाही. तसंच राहू द्या."

मी कपाळावर हात मारला. तिच्यासमोर धुळ्याला जायला लागू नये म्हणून तुम्ही दिवस ढकलत होतात, आणि तुम्हाला जायला लागू नये म्हणून ती. बापलेक दोघं एकमेकांची लाज सांभाळत बसलात, आणि तिकडे काम गेलं. एवढी माया मी कुठे पाहिली नाही, आणि इतकी बिनकामाची मायाही पाहिली नाही.

पुढे आषाढात शेठच्या नातवाने, अखिलने, नाव टाकायचं लेझर मशीन आणलं. कॉम्प्युटरवर टाइप करायचं, खाली भांडं ठेवायचं, निळा उजेड पडतो आणि नाव उमटतं. वेलबुट्टी नाही, पण आवाजही नाही. शेठ तुम्हाला म्हणाले, नुसता बसत जा. तुम्ही नुसते बसणारे नाही. पाट उचलून घरी आणलात आणि कुंदनकडे गेलात. आता बाजारात शिरलं की शांत वाटतं. मला ते शांत आवडत नाही, पण माझ्या आवडीला कोण विचारतं.

श्रावणात मी तुम्हाला फोनवर बांधून घेतलं होतं. सकाळच्या गाडीने नरडाण्याला उतरायचं, रूपाला मशीनसकट घ्यायचं, धुळ्याच्या स्टँडवर मी कार्टन घेऊन येते. तुम्ही हो म्हणालात. कार्टन मी शेजारच्या मंजुळाबाईंकडून माळ्यावरून उतरवून घेतलं, माझे गुडघे आता शिडी मानत नाहीत. सकाळी तुमचा फोन: "अक्का, आज जमाव नही." का, ते नाही. मी बसस्टँडला निघाले होते, परत आले. नरडाण्याला रूपा पिशवी घेऊन, चपला घालून उंबऱ्यात उभी होती. यशोदाबाईंनी विचारलं, "कुठे?" ती म्हणाली, "कुठे नाही," आणि पिशवी परत कपाटात ठेवली. हे तिने मला सांगितलं, रडून नाही, भाजी काय केली ते सांगावं तसं. मला तेच लागलं.

आता कान देऊन ऐका. पुण्याच्या त्या मॅडमचा रूपाला निरोप आहे: दिवाळीनंतर माणसं लागणार आहेत, तिचं काम नीट होतं, मशीन असेल तर परत घेऊ. वॉरंटी दिवाळीपर्यंत. म्हणजे वेळ आहे, पण फार नाही. तुमच्याकडे आता झाकायचं काही उरलं नाही. रूपाला माहीत आहे, मला माहीत आहे, जिनलला तर तुमच्या आधीपासून माहीत आहे. यशोदाबाईंना सांगायची वेळ आली तर मी सांगेन, आम्हा दोघींचं जमतं. दुकानात तुम्ही एक शब्द बोलू नका, बोलायचं काम माझं. तुम्ही फक्त उभे राहा आणि सही करा.

उत्तर नको. या.

अक्का

*

हे पत्र पोचलं. कुंदनचा फोन आला, तेव्हा घटस्थापना होऊन गेली होती.

म्हणाला, "आत्या, बाबांनी वाचलं. त्या दिवशी जेवले नाहीत. आता शर्टाच्या खिशात ठेवतात."

"खिशात ठेवायला नव्हतं पाठवलं. कधी येतायत?"

तो म्हणाला, "ते म्हणतात, तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तर आता तिच्यासमोर कोणत्या तोंडाने जाऊ."

"दे त्यांना फोन."

आत काही बोलणं झालं. मग कुंदनच परत आला. "आत्या, ते गच्चीवर गेले."

गुडघा सुजला होता, तरी मी एकटी नरडाण्याला जाऊन यशोदाबाईंशी बोलायचं ठरवलं. रूपा फोनवर म्हणाली, "हात जोडते आत्या, बाबा आले तर या. ते नसताना नको." मग मी गेले नाही. दिवाळीच्या आधी जिनलला एकदा फोन लावून विचारलं, तारीख पुढे ढकलता येते का. ती म्हणाली, "मावशी, ते आमच्या हातात नसतं. काका आलेच नाहीत का?" मी म्हटलं, कामात आहेत.

दिवाळीला कौतिकभाऊ आले नाहीत, वॉरंटी संपली. रूपा भाऊबीजेला उधन्याला गेली, तिथे बापलेक भेटली. कुंदन म्हणतो, दोघं छान बोलली, एक लॅपटॉप सोडून सगळ्या विषयांवर.

कार्टन श्रावणात उतरवलं ते परत माळ्यावर चढवलं नाही. दाराशी उभं आहे, वरचा तो मोठा शब्द भिंतीकडे वळवून. सकाळी आलेलं वर्तमानपत्र मी त्याच्यावर ठेवते.